बाईंची प्रकृती

दिल्लीत माणसं एकमेकांना धड 'आप' म्हणत नाहीत, आणि तिथे मी एका कोंबडीला अहो-जाहो करणारा माणूस पाहिला. पाहिला कसला, त्याच्या घरात भाड्याने राहिले.

द्वारकेतल्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट. पुढची खोली माझी, बाकीचं घर घरमालक काकांचं, आणि मागे चादरीएवढं अंगण. सामान लावत होते त्या दिवशी मागून आवाज ऐकू आला, "बाई, इकडे उन्हात बसा. तिथे गारठा आहे." मला वाटलं, घरात कुणी म्हातारी नातेवाईक असणार. कुणी सांगितलं नाही म्हणून काय झालं, नमस्कार करायला हवा. ओढणी सारखी करून मी अंगणात गेले, तर समोर एक तपकिरी कोंबडी एका पायावर उभी. तिने मान तिरकी करून मला असं काही पाहिलं की नमस्कार करू की नको, मलाच कळेना.

"या आमच्या बाई," काका म्हणाले. "आणि बाई, या नव्या भाडेकरू."

मी परभणीची. यूपीएससी करायला दिल्लीत आले, यूपीएससीने काही मला विचारलं नाही, पण दुसऱ्या एका परीक्षेतून एका मंत्रालयात चिकटले. डोकं माझं पहिल्यापासून तापट. आई म्हणते, हिच्या जन्माच्या वेळी परभणीत जे ऊन होतं ते हिच्या टाळूत शिरलं ते निघालंच नाही. अशा बाईला असा घरमालक मिळाला. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, की लग्नाचं विचारलं नाही. समोर मराठी वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाले, "वाचा. मोठ्याने." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "श्वास चुकीच्या जागी घेता. पण वाक्य गिळत नाही. राहा."

मला वाटलं, म्हातारा सटकलेला आहे. भाडं कमी होतं म्हणून गप्प बसले.

मग एकदा आईशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात काका दारातून म्हणाले, "पाणी आलं आहे. भरून घ्या." एवढंच. तर पलीकडून आई किंचाळलीच. "अगं, हा आवाज! हा माणूस तुझ्याकडे कसा काय? हा तर आपल्या स्वयंपाकघरात असायचा!"

काका रेडिओवर मराठी बातम्या वाचायचे. पूर्वी मराठी बातमीपत्र दिल्लीतून वाचलं जायचं, आणि हे आयुष्यभर तेच करून निवृत्त झालेले. आईने सकाळचा डबा, आजोबांची दाढी, माझ्या मामाचं शाळेला उशीर होणं, सगळं त्या आवाजाच्या भोवती केलेलं. मी फोन काकांकडे दिला. ते म्हणाले, "नमस्कार." आणि माझी आई, जी आमच्या कलेक्टरला तोंडावर झापून आलेली आहे, ती नुसतं 'नमस्कार, नमस्कार' करत राहिली.

आवाजच तसा होता हो. वरणावर तूप पसरावं तसा. आणि त्या आवाजात ते काय बोलायचे? "बाई, आज पालक संपला आहे."

त्या आवाजाचे नियम होते. गार पाणी नाही, आइस्क्रीम नाही, ओरडणं तर नाहीच. आणि खोटं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. मी केस कापून आले, विचारलं, "काका, कसे दिसतात?" त्यांनी नीट पाहिलं. "चांगले नाहीत." माझा ऑफिसचा फोन आला, तो काकांनी उचलला, आणि मी खुणेने सांगितलं की आंघोळीला गेलेय म्हणा, तर ते म्हणाले, "त्या समोरच आहेत, पण त्यांना तुमच्याशी बोलायचं नाहीये." कुणाशी? माझ्या अंडर सेक्रेटरीशी! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही नाही.

"अहो, एवढंसं खोटं बोललं तर काय बिघडतं?" मी एकदा भांडले.

"मी बोललेलं लोक तपासून बघत नव्हते," ते म्हणाले. "विहिरीवर, एसटीत, शेतात ऐकायचे आणि खरं धरायचे. आता हे तोंड दुसरीकडे कुठून आणू?"

आणि चूक झाली तर? चूक झाली तर ती बातमीपत्र संपायच्या आत, त्याच आवाजात, स्वतःच दुरुस्त करायची. हा त्यांच्या कामाचा नियम होता आणि तो ते घरातही पाळायचे. एकदा सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला त्यांनी टँकरची वेळ चुकीची सांगितली. लिफ्ट बंद होती. गुडघे धरत सगळे जिने चढून गेले आणि दारात उभं राहून म्हणाले, "मैंने आपको जो समय बताया था, वह गलत था." ती बिचारी घाबरूनच गेली, तिला वाटलं कुणी तरी गेलं.

बाई आल्या त्या बुधवारच्या बाजारातून. तिथे टोपलीत रंगवलेली पिल्लं विकतात, गुलाबी, हिरवी, निळी. सोसायटीतल्या कुणीतरी पोराच्या हट्टापायी गुलाबी पिल्लू आणलं, रंग उतरला, पिल्लू वाढलं, बाल्कनीत घाण करायला लागलं, आणि त्या पोराच्या आईने ते वॉचमनच्या हवाली केलं. वॉचमनने त्याच्याकडे जेवणाच्या नजरेने बघितलं. काका तिथून जात होते, ते उचलून घेऊन आले. सगळे म्हणाले, अंकल, ये तो मुर्गा निकलेगा, पहाटे बांग देईल, झोपू देणार नाही. काका म्हणायचे, "या वृत्ताला अद्याप दुजोरा मिळालेला नाही." आणि मग एक दिवस कुंडीमागे अंडं.

तोवर काका कोंबडी अगदी आवडीने खात. बाई आल्यावर घरात खाणं बंद. मुलाकडे गुरुग्रामला गेले की मात्र खात. मी म्हटलं, हा कसला न्याय? म्हणाले, "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की ते अंगणात खुर्ची टाकून बाईंना बातम्या सांगायचे. सगळ्या नाही, निवडक. मी आधी हसायचे. मग लक्षात आलं, या घरात दुसरं ऐकणार कोण होतं? काकू मी यायच्या आधीच गेलेल्या. मुलगा हिंदीत बोलायचा, सून इंग्रजीत, आणि नातीला 'पागोळी' म्हणजे काय विचारलं तर ती म्हणाली, "आजोबा, इज इट अ स्वीट?" त्या दिवशी काकांनी बाईंना पागोळी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बाई पाय खाजवत होत्या, पण ऐकत होत्या. मला आपलं वाटतं, ऐकत होत्या.

मग जानेवारी आला. दिल्लीतला जानेवारी काही विचारू नका, हाडात शिरतो. बाई पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहायला लागल्या. दाण्याला तोंड लावेनात. आता आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात? मऊ भात. तूप, मेतकूट, चिमूटभर मीठ. परभणीहून आईनेही फोनवर तेच सांगितलं, "भात चांगला गुरगुट्या कर गं, पोटाला हलका." मी कुकर लावायचे, काका चमच्याच्या पाठीने घोटायचे, आणि बोटावर घेऊन बाईंना भरवायचे. बाई खायच्या! काय आनंद झाला आम्हाला. गळ्याखाली छान फुगा दिसायला लागला. काका त्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "बाई जेवल्या."

पण बाई जेवल्या तरी उठेनात. फुगा वाढतच गेला, पिलपिलीत झाला, आणि तोंडाला आंबूस वास यायला लागला. आम्ही भात आणखी मऊ केला.

त्याच आठवड्यात बर्ड फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या. कुठल्याशा तलावावर बदकं मेली, बाजार बंद झाले. टीव्हीवर पांढरे अंगरखे घातलेली माणसं कोंबड्यांनी पोती भरताना दाखवायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. वाईट माणूस नव्हता, त्यांच्या घरात तान्हं नातवंड होतं.

"अंकल जी, आपकी मुर्गी ठीक है ना? बस इतना बता दीजिए, मैं सबको बोल दूँगा."

बास! 'हां जी' म्हटलं की विषय संपत होता. त्या माणसाच्या 'हां जी'वर अख्खी सोसायटी झोपली असती. मी मागून काकांचा स्वेटर ओढला. काका थोडं थांबले, वाक्य सुरू करायच्या आधी थांबायचे तसे.

"नहीं," ते म्हणाले. "ठीक नहीं है. सुस्त है, गले के नीचे सूजन है. क्या हुआ है, मुझे पता नहीं."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. मी दार लागायची वाट पाहिली आणि तोंड सोडलं. "काय केलंत हे! उद्या ते पोतं घेऊन येतील! बाईंना पोत्यात घालतील, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

"त्यांना पोरांना खाली खेळायला सोडायचं की नाही ते ठरवायचंय. मी सांगीन त्यावर ठरवणार. त्यांना चुकीची बातमी देऊ?"

आवाज तोच. पण बोलता बोलता ते अंगणात जाऊन बाईंना स्वेटरच्या आत घेऊन बसले, आणि ते पाहून माझा सगळा राग उतरला.

पुढचं तर ऐका. त्यांनी स्वतः सरकारी पशुवैद्यकीय खात्याला फोन केला. स्वतः! आमच्याकडे कोंबडी आजारी आहे, येऊन तपासा. मग अंगणातल्या पत्र्याखाली खाट टाकली, रजई घेतली, स्वयंपाकघर आणि अंगण यांच्यामधलं काचेचं दार आतून लावून घ्यायला मला सांगितलं, आणि बाईंना घेऊन तिकडे राहायला गेले. "संसर्ग असलाच तर आमच्या दोघांत राहू दे. तू मैत्रिणीकडे जा." मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. मी गेले नाही. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचे, दार लावायचे, मग ते उचलायचे. कडाक्याच्या थंडीत सत्तरी ओलांडलेला माणूस एका कोंबडीला कुशीत घेऊन पत्र्याखाली. मुलगा गुरुग्रामहून आला, काचेवर हात आपटून म्हणाला, "बाबा, यार, मुर्गी है! आई की बीमारी में भी आपने यही किया था, खुद को बंद कर लिया था." काकांनी रजई बाईंच्या अंगावर ओढली. तो मला म्हणाला, प्लीज, लक्ष ठेवा. डोळे पुसत गेला बिचारा.

डॉक्टरीणबाई आल्या त्या नखशिखांत पांढऱ्या अंगरख्यात. तरुण मुलगी, हरियाणातल्या रोहतककडची असावी बोलण्यावरून. वरून सगळ्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघतायत. तिने बाईंच्या घशातून काडीने नमुना घेतला, मागून घेतला, नळीत घातला. म्हणाली, "अंकल, साफ बोलती हूँ. रिपोर्ट खराब आई तो उसी दिन ले जाना पड़ेगा. कोई नहीं रोक पाएगा." काका म्हणाले, "रोकूँगा नहीं."

मग तिने बाईंच्या गळ्याखालचा फुगा चाचपला, चोच उघडून वास घेतला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये क्या खिलाया है इसको?"

काकांनी सांगितलं. भात. तूप. मेतकूट. मेतकूट काय ते तिला माहीत नव्हतं, तेही सांगितलं.

"अरे अंकल!" ती म्हणाली. "ये दाने की थैली है. खाना पहले यहाँ रुकता है, फिर नीचे जाता है. आपका गीला चावल यहीं पड़ा सड़ रहा है. फ्लू हो न हो, इससे तो ये दो दिन में मर जाएगी."

म्हणजे आमचा मऊ भात! आमचं सगळं प्रेम त्या पिशवीत आंबत होतं. मला तर रडूच फुटलं. काका मात्र उभे राहिले. वर बाल्कन्यांकडे पाहिलं. आणि त्याच बातम्यांच्या आवाजात, जो सोसायटीने एवढा मोठा कधी ऐकला नव्हता, ओरडून नव्हे, नुसता पोटातून उचलून, म्हणाले, "मुर्गी के गले की सूजन मेरी गलती से है. मैंने गलत खाना खिलाया. बाकी जाँच की रिपोर्ट आने पर आपको सूचित करूँगा."

वरच्या मजल्यापर्यंत शब्द न् शब्द पोचला. मग मला काचेतून नंबर विचारून परभणीला फोन लावला. "ताई, भात चुकीचा ठरला. दोष तुमचा नाही, मी विचारून घ्यायला हवं होतं."

आता आली खरी परीक्षा. खाणं पूर्ण बंद. औषधाचे थेंब, घोटभर पाणी, आणि त्या पिशवीला हलक्या बोटांनी चोळायचं. जोर लावायचा नाही, उलटं धरायचं नाही, नाहीतर सगळं श्वासात जाऊन तिथेच संपेल. चोळायचं, थांबायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा चोळायचं. मी काचेआडून बघत असे. हो, बघतच राहायचे. ऑफिसला उशीर व्हायचा. मी माझ्या घरात आजारपणं पाहिली आहेत, सेवा करणारे पाहिले आहेत, पण असं लक्ष मी कुणाचं पाहिलं नाही. बाईंचा श्वास कुठे संपतो ते त्यांना बोटांनी कळायचं. श्वास आत जाताना बोटं थांबायची, बाहेर येताना चालायची. आयुष्यभर वाक्यात कुठे थांबायचं हेच तर केलेलं. चेहऱ्यावर दाढी वाढलेली, ओठ थंडीने फुटलेले, आणि तोंडाने हळू आवाजात चाललेलं, "छान. अगदी छान. घ्या श्वास. घाई नाही, बाई." देवळात जाऊन मला कधी जे वाटलं नाही ते मला त्या काचेसमोर वाटायचं. खोटं कशाला सांगू, माझे हात आपोआप जोडले जायचे.

सेक्रेटरीही रोज अंगणाच्या फाटकापाशी यायचे, लांबूनच विचारायचे, "अंकल जी?" काका खरं ते सांगायचे. "आज पानी लिया." "आज नहीं लिया." सेक्रेटरी परत जिन्यापाशी पोचायच्या आत ही बातमी एका बाल्कनीतून दुसरीत करत वरपर्यंत जायची. मुलं खाली खेळायला येत नव्हती, पण खिडकीतून विचारायची, "मुर्गी कैसी है?"

आणि मग एका सकाळी मी चहा ठेवायला गेले तर काका काचेला नाक लावून उभे. "सपाट," ते म्हणाले. फुगा गेला होता. बाई उठून उभ्या होत्या, जरा झोकांड्या खात, पण स्वतःच्या पायांवर. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे काकांनी चार दाणे टाकले. बाईंनी एकेक उचलला.

पण आनंद कसला करणार? रिपोर्ट यायचा होता. बरी झालेली कोंबडीसुद्धा रिपोर्ट खराब आला तर पोत्यातच जाणार होती. उलट आता जास्तच भीती वाटायला लागली. दाराशी गाडी थांबली की मी खिडकीशी धावायचे. बाईंना बातम्या सांगणंही काकांनी बंद केलं होतं.

फोन आला तेव्हा दुपारचं ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. काकांनी ऐकून घेतलं. "जी. जी. धन्यवाद." फोन खाटेवर ठेवला. मी काचेवर दोन्ही हात आपटले. "काका! बोला ना!"

त्यांनी घसा साफ केला.

"रिपोर्ट चांगला आहे."

काय तो आवाज! एक कानामात्रा हलली नाही. मी दार उघडलं, अंगणात नाचले, वर बघून ओरडले, "कुछ नहीं है! ठीक है!" वरून टाळ्या वाजल्या. कुणाच्या तरी बाल्कनीतून शिट्टीसुद्धा आली. मी वळून बघितलं तर काका तिथेच उभे, भिंतीला टेकून.

"रिपोर्ट चांगला आहे," ते पुन्हा म्हणाले. आता हळू.

"हो काका, चांगला आहे!"

"हे वाक्य मी आधी एकदा बोललो आहे," ते म्हणाले. "तुझ्या काकूच्या वेळी. हॉस्पिटलातून आलो, कागद खिशात होता. चांगला नव्हता. ती दारात उभी. विचारलं तिने. आणि मी म्हटलं, रिपोर्ट चांगला आहे. ह्याच आवाजात."

मी खाट त्यांच्याकडे सरकवली.

"तिने लगेच खरं धरलं. का नाही धरणार? सगळे धरायचे. पदर खोचला आणि म्हणाली, चला, मग चहा टाकते. इतकी खूश होती." ते खाटेवर बसले. "ते मी दुरुस्त केलं नाही. तिच्या शेवटापर्यंत केलं नाही. मला जमलंच नाही."

मग तो आवाज फुटला. सगळ्या महाराष्ट्राने ज्याला कधी अडखळताना ऐकलं नाही तो माणूस पत्र्याखाली बसून हुंदके देत होता आणि हातांनी तोंड झाकत होता, कोणी ऐकू नये म्हणून. मी खाली वाकले आणि त्यांच्या पाया पडले. वाकल्यावर ओढणी जमिनीवर लोळली, तर बाई तुरुतुरु आल्या आणि तिचं टोक चोचीत धरून ओढायला लागल्या.